पान, माती, पुठ्ठा : पवनाकाठच्या बालहस्तकलेचा इतिहास

पुणे शहराच्या वायव्येस पवना नदीकाठी असलेल्या पिंपळे गुरव या गावाच्या नावात एक झाड आणि एक व्यवसाय असे दोन्ही ऐकू येतात, आणि लहान मुलांनी घरच्या घरी, विकतचे फारसे काही न आणता करावयाच्या वस्तूंचा इतिहास या परिसरापुरता लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ या दोन्हींपासून करणे योग्य ठरते. पिंपळाचे पान हे महाराष्ट्रातील मुलांचे फार जुने साधन आहे. कोवळे पान गुंडाळले की त्याची पिपाणी होते, आणि जून पान काही दिवस पाण्यात कुजू देऊन त्यावरील गर हलक्या हाताने धुऊन काढला की शिरांची जी जाळी उरते, ती वहीच्या पानांत वाळवून जपली जाते. गुरव हा गावगाड्यातील बलुतेदार, म्हणजे शेतकऱ्याच्या पिकातील ठराविक वाट्याच्या मोबदल्यात गावाची नेमून दिलेली कामे करणारा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे, त्या व्यवस्थेत देवळाची झाडलोट आणि पूजाअर्चा यांबरोबरच बेल-फुले व पत्रावळी पुरवणे ही गुरवाची कामे होती. पत्रावळ म्हणजे पळसाची किंवा वडाची पाने एकमेकांवर थोडी चढवून, चोयीने, म्हणजे बांबूच्या बारीक चिरलेल्या काडीने, टाचून केलेले ताट. जेथे असा व्यवसाय घरातच चाले तेथे पाने निवडणे, पुसणे, चोया लावणे ही कामे लहान हातांकडे आपोआप येत, आणि फाटलेल्या, उरलेल्या पानांचे द्रोण मुले आपल्या खेळासाठी टाचत.

या द्रोणाला ‘हस्तकला’ असे कोणी म्हटले नसते. हा शब्द आजच्या अर्थाने शाळेबरोबर आला. त्यापूर्वी मुलाच्या हातून घडणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत ‘खेळ’ आणि ‘काम’ असे दोनच शब्द पुरेसे होते, आणि या दोहोंमधील सीमारेषा आजच्याइतकी ठळक नव्हती. बालहस्तकलेचा इतिहास बहुधा साहित्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, म्हणजे आधी पाने व माती, मग कागद, मग पुठ्ठा आणि आता छापील तक्ते अशा क्रमाने. हा क्रम खोटा नाही, परंतु त्याच्याआड दोन अधिक महत्त्वाचे प्रश्न दडलेले आहेत : वस्तूचा आकार कोण ठरवतो, आणि तयार झालेली वस्तू पुढे घरात कोठे जाते. पिंपळे गुरवसारख्या, एका पिढीपूर्वी खेडे असलेल्या आणि आज पूर्णतः शहर झालेल्या गावाच्या संदर्भात या दोन प्रश्नांची उत्तरे विशेष स्पष्टपणे दिसतात.

जुन्या घरांत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंचांग देत असे. नागपंचमीला मातीचे नाग होत किंवा पाटावर गंधाने काढले जात. पोळ्याला, जो पुणे जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत भाद्रपद अमावास्येला साजरा होतो, मातीचे बैल होत. नवरात्राच्या सुमारास, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, मुली पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढून त्याभोवती फेर धरीत, ज्याला भोंडला किंवा हादगा म्हणतात. आणि दिवाळीत अंगणात किल्ला उभा राही. यांपैकी मातीच्या बैलाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्या घरी जित्राब नसे त्या घरी मातीच्या बैलांचीच पूजा होई, त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जाई, आणि हे बैल कुंभाराकडून आले नसतील तर ते मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांनीच वळलेले असत. त्यांची शिंगे कमीजास्त होत, वशिंड कधी मानेवरच येई, पाय सुकताना चिरत व काडी खोचून सांधावे लागत, तरीही तो बैल पाटावर मांडला जाई व त्याला हळदकुंकू लागे. चार-पाच वर्षांच्या मुलाने केलेल्या वस्तूला घराच्या पूजेत खरी जागा मिळणे ही गोष्ट असाधारण आहे, आणि पुढील काळातील कोणत्याही शाळेला, कितीही उत्तम हेतू असला तरी, इतका मोठा मान मुलाच्या हातच्या वस्तूला देता आलेला नाही.

किल्ल्याची गोष्ट याहून वेगळी, कारण त्यात पूजेपेक्षा कल्पना प्रबळ असते. दगड-विटांचा ढीग रचून, त्यावर भिजवलेले गोणपाट अंथरून, चिखलाचा लेप देऊन, गुहा, पायऱ्या, विहीर आणि बालेकिल्ला कोरला जातो. उतारावर मोहरी किंवा अळीव पेरले की आठवडाभरात हिरवळ उगवते, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज व तटावर रंगवलेले मावळे बसवले जातात. पवनाकाठच्या मुलांना नमुन्यासाठी दूर जावे लागत नाही. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे किल्ले याच नदीच्या वरच्या खोऱ्याभोवती उभे आहेत. या परिसराच्या दुसऱ्या टोकाला, चाकणला, संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला. तथापि मुलांच्या अंगणातला किल्ला बहुधा डोंगरीच असतो, भुईकोट क्वचितच. त्याचे कारण इतिहासात नसून मातीत आहे, कारण ढीग केलेली माती स्वतःहून डोंगराचाच आकार घेते, तर सपाट जागेवर सरळ तट उभा ठेवणे हे लहान हातांना अवघड जाते. साहित्य आकार सुचवते आणि मूल तो स्वीकारते, वाकवते किंवा नाकारते, ही देवघेव या साऱ्या मातीकामाचा गाभा आहे.

कागद या व्यवहारात उशिरा आला, कारण तो दीर्घकाळ मुलांच्या हाती देण्याइतका स्वस्त नव्हता. पुणे जिल्ह्यातच जुन्नर हे हातकागदाचे नामांकित केंद्र होते, आणि जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला जात असे. परंतु चिंध्या कुटून, लगदा चाळून, एकेक ताव उचलून आणि घोटून तयार होणारा तो कागद कातरून टाकण्यासाठी नव्हता. यंत्रावरचा कागद आणि शिळाप्रेस, म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढून त्याच्या प्रती काढण्याची पद्धत, यांनी ही स्थिती बदलली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू केला. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना त्या शतकाच्या अखेरीस मळवलीला, म्हणजे पिंपळे गुरवशेजारच्या कासारवाडीवरून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच, हलला. या छापखान्यांमुळे रंगीत चित्र सामान्य घराच्या भिंतीवर आले, आणि ते तसेच्या तसे राहिले नाही, कारण घरोघरी त्या चित्रांतील देवतांना कापडाचे तुकडे, जर आणि टिकल्या चिकटवून सजवण्याची हौस रुजली. छापलेली आकृती घ्यावी आणि तिच्यावर हाताने काही चढवावे, हा प्रकार आज बालवाडीत सर्वत्र दिसतो; त्याचे एक घरगुती मूळ येथे आहे.

छापील कागदाचे याहूनही परिचित उदाहरण म्हणजे जिवती. श्रावणात भिंतीवर लावला जाणारा हा कागद नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जिवत्या आणि बुध-बृहस्पती अशा चार भागांत छापलेला असतो. आई मुलांच्या आयुष्यासाठी त्याची पूजा करते, आणि आघाडा-दूर्वांची माळ त्याला घातली जाते. छापलेला ताव एका ठराविक दिवशी घरात येतो, भिंतीवर चिकटतो आणि त्याच्याभोवती माळा गुंफण्याचे काम मुलांना मिळते, ही मांडणी छापील उपक्रमपत्रिकांच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातील घरांनी आत्मसात केलेली होती. मुलांच्या स्वतःच्या कागदकामाला मात्र खरे बळ दिले ते पतंगी कागदाने. बांबूच्या कामट्या, म्हणजे तासून केलेल्या लवचीक पट्ट्या, दोऱ्याने बांधून त्यावर हा पातळ रंगीत कागद चिकटवावा आणि खाली झिरमिळ्या सोडाव्यात, की आकाशकंदील होतो. चिकटवण्यासाठी खळ लागते, म्हणजे कणीक किंवा मैदा पाण्यात कालवून, ढवळत शिजवून केलेली लापशीसारखी चिकी. ती टिकावी व तिला कीड लागू नये म्हणून मोठी माणसे तीत मोरचूद घालीत, जो विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या खळीत तो न घालणेच इष्ट. कामट्या मोठ्यांनी बांधाव्यात, कागद मुलांनी चिकटवावा, ही कामाची वाटणी अनेक घरांत ठरलेली असे, आणि कंदील पेटल्यावर ज्याने जो भाग चिकटवला त्याची सुरकुतीसुद्धा उजेडात स्पष्ट दिसे.

मुलांनी हाताने काही करणे हा शिक्षणाचाच भाग आहे, ही कल्पना महाराष्ट्रात दुसऱ्या वाटेने आली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांचा बगीचा, हे नाव दिले, आणि कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे, टोचून नक्षी करणे, माती वळणे अशी क्रमवार कामे त्यांनी मुलांसाठी आखली. पंडिता रमाबाई १८८६ नंतरच्या अमेरिकेतील वास्तव्यात ही पद्धती शिकल्या, आणि १८८९ साली मुंबईत स्थापन होऊन पुढल्याच वर्षी पुण्यास आलेल्या शारदा सदनात त्यांनी तिला स्थान दिले. पुण्यातील बालशिक्षणाच्या इतिहासात या घटनेची जितकी नोंद व्हावयास हवी तितकी होत नाही. फ्रोबेल यांच्या पद्धतीत एक अडचणही होती, ती अशी की घडी कोठे पडावी आणि पट्टी कोठून जावी हे आधीच ठरलेले असे, आणि बारीक, काटेकोर कामाचा आग्रह कोवळ्या बोटांना न झेपणारा ठरे.

या अडचणीचे सर्वांत मोलाचे उत्तर मराठी भूमीतच सापडले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह माँटेसरी पद्धतीवर काम केले, १९२६ साली तेथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार चालवले. परंतु शहरात वापरली जाणारी या पद्धतीची महागडी लाकडी साधने खेड्यातील मुलापर्यंत पोहोचणार नाहीत हे त्यांना स्पष्ट दिसत होते. म्हणून १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरील गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, जेथे पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. शिंपले, बिया, खडे, पाने, माती आणि काड्या हीच तेथील साधने होती. मोजायला चिंचोके, लहानमोठे लावायला दगड, रंगांसाठी फुले, अशी ती रचना होती, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे या विचारातून अंगणवाडीची कल्पना साकार झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. त्या शब्दातील अंगण हे केवळ जागेचे नाव नव्हते. मुलाच्या दाराशी जे पडलेले आहे त्यातूनच शिकणे सुरू व्हावे, असा त्याचा अर्थ होता. पान आणि माती यांना शाळेत पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती यामुळे.

प्राथमिक शाळांमधील सरकारी प्रयत्नांचा उल्लेख येथे थोडक्यात पुरेसा आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीम, म्हणजे उत्पादक कामाभोवती गुंफलेले शिक्षण, पुढे आले आणि टकळीवरील सूतकताई किंवा पुठ्ठेकाम यांसारखा ‘मूलोद्योग’ शाळांत शिरला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात त्याऐवजी ‘कार्यानुभव’ सुचवला. घरात कधी काळी एकच असलेले खेळ आणि काम येथे वेळापत्रकातील तास बनले, त्यांना गुण मिळू लागले, आणि वस्तू घरी न जाता तपासणीसाठी कपाटात जाऊ लागली. याच काळात बालभारतीने नोव्हेंबर १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढले, ज्यात कथा-कवितांबरोबर कोडी आणि करून पाहण्याचे उपक्रमही येत. १८८१ सालचे ‘बालबोध’ आणि १९०६ सालचे ‘आनंद’ यांनी घातलेल्या मराठी बालमासिकांच्या पायावरच ते उभे होते.

पिंपळे गुरवच्या आसपासचा प्रदेश या दरम्यान मुळापासून बदलत होता. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यामागोमाग मोटारी, इंजिने व सुटे भाग यांचे कारखाने पसरत गेले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि नदीकाठची खेडी कामगारांच्या वस्तीने भरली. अंगण आकसले, परंतु मुलांच्या हाती एक नवे साहित्य आले, ते म्हणजे कारखान्याचा टाकाऊ माल : खोक्यांचे पन्हळी पुठ्ठे, तारेचे तुकडे, लाकडाच्या फळ्या, झिजलेली बेअरिंगे. फळीखाली तीन बेअरिंगे ठोकून केलेला, उतारावर खडखडत जाणारा गाडा हे या पट्ट्यातील मोठ्या मुलांचे यान होते. लहानांसाठी काडेपेट्यांची आगगाडी, बाटल्यांच्या बुचांची चाके आणि दोऱ्यात ओवलेल्या गुंडीची गुणगुणणारी भिंगरी असे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग शाळांच्या प्रदर्शनांत रूढ होण्याआधी कामगारवस्तीतील मुले तेच करीत होती.

या औद्योगिक पट्ट्यातूनच घरगुती खेळण्यांच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे नाव पुढे आले आहे. अरविंद गुप्ता १९७५ साली कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेऊन पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात रुजू झाले, जेथे मालमोटारी तयार होत. १९७८ साली त्यांनी रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले, आणि तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा उपयोग सुचला. या बारीक रबरी नळीचे लहान तुकडे कापून त्यांत आगकाड्यांची टोके खोचली की सांधा तयार होतो. तीन काड्या जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो, आणि पूल किंवा छपराच्या कैचीत त्रिकोण का वापरतात हे मुलाच्या बोटांना कोणी न सांगता कळते. कारखान्यातील अभियांत्रिकीचा एक मूळ सिद्धान्त काही पैशांच्या साहित्यात उतरवण्याचे हे काम अत्यंत थोर आहे. पुढे त्यांनी नोकरी सोडली, आगकाड्यांच्या प्रतिकृतींवरील त्यांचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले, आणि २००३ पासून सुमारे दशकभर त्यांनी पुण्यात आयुकाच्या, म्हणजे खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठीय केंद्राच्या, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेळण्यांच्या कृती, पुस्तके आणि मराठीसह अनेक भाषांतील लघुपट त्यांनी संकेतस्थळावर विनामूल्य खुले ठेवले. त्यांची कृती छापून घेतली तरी तिच्यात रंगवून संपणारे चित्र नसते, तर वाकवण्याची, फुंकण्याची, फिरवून पाहण्याची वस्तू असते, आणि ती बिघडली तर का बिघडली हे शोधावे लागते.

हा फरक आजच्या पिंपळे गुरवमध्ये विशेष महत्त्वाचा आहे. एकविसाव्या शतकात येथे इमारतींची दाटी झाली, अंगणाची जागा वाहनतळाने घेतली, प्ले-ग्रुप आणि नर्सरी गल्लोगल्ली निघाल्या, आणि झेरॉक्सच्या दुकानातून निघणारा ताव हे बालहस्तकलेचे प्रमुख साहित्य बनले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ यासारख्या शासकीय उपक्रमांतून आणि शाळांच्या व्हॉट्सॲप गटांतून अभ्यासपत्रिका थेट घरात येऊ लागल्या, आणि कित्येक पालकांनी पहिल्यांदाच मुलाशेजारी बसून कात्री-डिंक हाती घेतला. ही जवळीक खरी होती आणि तिचे मोल कमी लेखता येत नाही. अडचण तावात नसून त्यावरच्या आकृतीत आहे. बाहेरून उतरवलेल्या पुष्कळ पत्रिकांत बर्फाचा माणूस, सफरचंद आणि भोपळ्याचा दिवा असतो. जिवतीच्या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ जशी मुलाला आपल्या हातांनी गुंफावी लागे, तसे येथे बाहेरून आणून जोडण्यासारखे काही उरत नाही, आणि रेषेच्या आत रंग भरणे एवढाच निर्णय मुलाकडे राहतो. ज्या शिक्षिका त्याच तावावर केवळ बैलाच्या देहाची बाह्यरेषा देऊन शिंगे, झूल आणि घुंगरांसाठी पाने, वाती व कागदाचे कपटे गोळा करून आणावयास सांगतात, त्या नकळत पोळ्याच्या जुन्या मातीकामाकडेच परतलेल्या असतात.

साहित्याच्या बाबतीत राज्यानेही एक वळण दिले. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी व शालेय प्रकल्पांसाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे पांढरे ठोकळे मागे पडले, पुठ्ठा, कापड आणि बांबू पुन्हा पुढे आले, आणि शाडूच्या मातीचे गणपती वळण्याच्या कार्यशाळांत मुलांची गर्दी वाढली. शाडू लवकर सुकते आणि चिरते, म्हणून ती सतत ओल्या फडक्याखाली ठेवावी लागते. पायांच्या भेगा सांधण्याचे पोळ्याच्या बैलापासूनचे कौशल्य येथे पुन्हा उपयोगी पडते.

दिवाळीचा किल्ला मात्र या सगळ्या स्थित्यंतरांतून टिकला आहे, आणि आता तो सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात उभा राहतो. विटा बांधकामावरून येतात, गोणपाट वाण्याकडून, आणि माती कुंड्यांतून किंवा नदीकडच्या मोकळ्या जागेतून. काही ठिकाणी छापून आणलेला तट पुठ्ठ्यावर चिकटवून मातीत रोवला जातो, ज्यावर दोन दिवसांत चिखलाचे डाग चढतात आणि तो इतर तटांसारखाच दिसू लागतो. सुटी संपत आली की मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, गोणपाट झटकले जाते, आणि उगवलेल्या अळिवासकट माती पुन्हा कुंड्यांत भरली जाते.